सारिकाची अक्कलदाढ

चौथा निकाल आला तेव्हा अंकुश बर्गे गिरणीत कुणाची तरी ज्वारी दळत होता. खिशात फोन दोनदा थरथरला. त्याने पिठाचे हात पँटला पुसले, पडद्यावर अपील मंडळाचं नाव पाहिलं आणि अंगठ्याने सरळ तळ गाठला. एकोणीस पानं होती. त्याने वाचली ती एकच ओळ : 'सबब, अर्जदाराचा निद्राश्वासरोध हा आजार सैन्यसेवेमुळे उद्भवलेला नाही व सैन्यसेवेमुळे वाढलेलाही नाही. अपील फेटाळण्यात येत आहे.'

"न्हाय आणि न्हाय," तो स्वतःशीच म्हणाला आणि गिरणीचं बटण बंद केलं.

निकाल शेवटून वाचायची ही रीत वाघेवाडीत शेलार तात्यांनी घातली होती. सातारा जिल्ह्यातल्या या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे घरटी एक अपीलही होतंच. कुणाचा गुडघा, कुणाचा कान, कुणाची रक्तातली साखर. तात्या सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले. गावातली सगळी अपिलं त्यांच्याच ओसरीवर लिहिली जायची, आणि नकार आला की तिथेच त्याची पारायणं चालायची. शेवटी तात्यांनीच फतवा काढला, "फकस्त शेवटची ओळ वाचा रं. वरचं समदं दळण असतंय. वाचून नुसतं डोस्कं फिरतं." तेव्हापासून वाघेवाडीत निकाल असेच वाचले जात.

पट्टा थांबला तशी भिंतीला टेकून बसलेली सारिका दचकून जागी झाली. धान्याच्या पोत्याला पाठ लावून तिचा डोळा लागला होता. गिरणी घरघरत असली की तिला हमखास डुलकी यायची आणि गिरणी थांबली की हमखास जाग यायची. थकलेली बाई, दुसरं काय, असं अंकुश समजायचा.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काय व्हायचंय? चौथ्यांदा त्येच."

ती उठली, केसांवरचं पीठ झटकलं आणि ज्वारीचा डबा भरायला लागली. तिच्या गप्प राहण्याचा अंकुशला भयंकर राग यायचा. तिने चिडावं, मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, असं त्याला वाटे. पण चिडायला अंगात जोर लागतो, आणि सारिकाकडे तो तेरा वर्षांपूर्वीच संपला होता.

अंकुशचा आजार सांगायला सोपा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, माणूस एक मोठा श्वास ओढतो आणि पुन्हा झोपी जातो. असं एका रात्रीत शेकडो वेळा होतं आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. राहतं ते जड डोकं, चिडका स्वभाव आणि भरदिवसा येणारी पेंग. अंकुशच्या बाबतीत भानगड अशी, की त्याचा मेंदू घाबरायला फार उशीर करायचा. म्हणून सारिका मोजायची. श्वास थांबला की एक, दोन, तीन... बारापर्यंत थांबायची आणि मग त्याच्या कानाची पाळी ओढायची. आधी सुट्टीतल्या आणि निवृत्तीनंतर रोजच्या रात्री, सन दोन हजार एकोणतीसच्या दिवाळीपासून.

रात्रभर हवा सोडणारा, नाकावर चढवायचा मुखवटा त्याला मिळाला होता. पण अंकुश फौजेत बर्फ हटवणारा डोझर चालवायचा, आणि एकोणतीस साली मार्च महिन्यात एका खिंडीत बर्फाचा अख्खा कडा त्याच्या केबिनवर येऊन बसला होता. काच फुटली, बर्फ तोंडापर्यंत आला, मान सळईखाली दबली आणि घशाच्या नसा कायमच्या दुखावल्या. नऊ तासांनी त्याला खणून काढलं. तेव्हापासून तोंडावर काही आलं की झोपेतले त्याचे हात ते ओरबाडून फेकून देत. मुखवट्यांचे तीन पट्टे तुटल्यावर डॉक्टरांनीच हात टेकले.

उपाय एकच उरला होता. हनुवटीखाली बसवायचं एक बोटाच्या पेराएवढं यंत्र, जिव्हाचेतक. श्वास आत जाताना ते जिभेच्या नसेला हलकासा झटका देतं, जीभ पुढे सरते, वाट मोकळी राहते. खासगी दवाखान्यात ते बसवायचं तर नुसता आकडा ऐकूनच माणसाची झोप उडावी. लष्करी रुग्णालयात ते फुकट बसे, पण कागदावर एक शब्द हवा होता : 'सेवाजन्य'. त्या एका शब्दासाठी अंकुश सहा वर्षं भांडत होता. आणि आता घाई होती. गेल्या महिन्यात सारिका एस.टी. स्टँडच्या पायऱ्यांवर उभीच्या उभी कोसळली. तिचा रक्तदाब बघून तालुक्याच्या डॉक्टरांनी अंकुशला बाजूला घेतलं. "यांना सलग झोप मिळाली नाही तर एक दिवस अर्धांगवायू होईल. मग तुमचे श्वास कोण मोजणार?"

दोष कुणाला द्यायचा? अंकुशच्या सेवापुस्तकात त्या अपघातानंतरची सात वर्षं दरवर्षी एकच शेरा होता : शेप-वन, म्हणजे ठणठणीत. वार्षिक तपासणीत डॉक्टर विचारायचे, झोप कशी लागते? अंकुश छाती पुढे काढून सांगायचा, "सब ठीक साहब!" शेप-वन गेलं की बढती गेली, डोझर गेला, स्टोअरमध्ये बसून ब्लँकेट मोजत बसा. म्हणून कुणी काही सांगायचंच नाही, अशी कंपनीतल्या सगळ्यांची शिस्त होती. ती शिस्त ज्यांनी लावली ते त्या वेळचे सुभेदार साहेब म्हणजे शेलार तात्याच. तपासणीच्या आदल्या दिवशी रांगेसमोर उभे राहून म्हणायचे, "तोंड बंद, छाती पुढं!" आता तेच तात्या ओसरीवर चष्मा लावून लिहीत बसत, 'अर्जदारास सेवाकाळात सदर त्रास होत होता, परंतु...' त्या 'परंतु'पुढे त्यांची गाडी नेहमी अडायची.

आणि मग, चौथ्या अपिलाच्या आधी, दातांची भानगड आली.

दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा एक पातळ थर असतो. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय चढावं तसा हा थर माणसाच्या आयुष्यभर चढत जातो, आणि हाड झिजलं तरी तो सहसा पुसला जात नाही. दात बघून वय सांगणारे शास्त्रज्ञ या वलयांवरच काम करत आले होते. पुढे क्ष-किरणांची भिंगं इतकी सूक्ष्म झाली की वर्षाचंच काय, पंधरवड्याचंही वलय वेगळं दिसू लागलं. प्राणवायू कमी मिळालेल्या रात्रींचा पंधरवडा काळपट उमटायचा. झोप मोडलेल्या रात्रींचा पंधरवडा करडा आणि खरबरीत, कारण जागरणात शरीर जी ताणाची द्रव्यं सोडतं त्यांचा अंश त्या थरात अडकून बसायचा. स्वस्थ झोपेचा पंधरवडा पांढरा स्वच्छ. यंत्राचं सरकारी नाव होतं वलयवाचक. गावात त्याला दाताची कुंडली म्हणत.

मंडळाने नियम केला, की आजार कधी सुरू झाला याचा वाद असेल तर दात द्या. वाघेवाडीत आनंदीआनंद झाला. सेवापुस्तक खोटं बोलेल, दात बोलणार नाही! अंकुशने तर दुसऱ्याच दिवशी मिरजेला जाऊन एक दाढ काढून दिली.

दाढेने खरंच सांगितलं. एकोणतीस सालापासून निवृत्तीपर्यंत वलयं काळी ठिक्कर. पण नियमावलीत एक पोटनियम होता : उंचावर हवाच विरळ असते, तिथे प्राणवायू कमी पडणारच, म्हणून उंचीवरच्या नेमणुकीचा काळ हिशेबात धरू नये. बर्फ हटवणारा माणूस उंचावर नाही तर काय कोकणात नेमणार? अंकुशची शेवटची सात वर्षं बारा हजार फुटांच्या वरच गेली होती. तो सगळा काळ वजा झाला. उरले सुट्टीचे दोन-दोन महिने. त्यावर शेरा पडला, 'अपुरा नमुना'. मग उरला निवृत्तीनंतरचा काळ, तोही काळा. निष्कर्ष : आजार निवृत्तीनंतरचा.

ज्या डोंगराने आजार दिला त्याच डोंगराने पुरावा खाल्ला. अंकुशने त्या दिवशी घरातला पाण्याचा माठ फोडला आणि मग स्वतःच कुंभाराकडून दुसरा आणला. सारिकाची साक्ष तर पहिल्याच अपिलात निकालात निघाली होती : 'पत्नी, सबब हितसंबंधित.'

चौथा नकार घेऊन तो मिरजेला डॉ. नझमा मुजावर यांच्याकडे गेला. त्याची दाढ वाचणारी बाई तीच. वय असेल पस्तिशीचं. दंतशास्त्राची पदवी घेऊन ती या वलयांच्या नादी लागली होती आणि प्रयोगशाळेत बरण्यांमधल्या दातांशी बोलायची अशी तिची ख्याती होती. अंकुशने तिच्या टेबलावर फोन आपटला.

"तुमचं मशीन काय कामाचं मग? सांगा की! दाढ गेली ती गेली, वर मंडळ म्हणतंय मी घरी बसून आजारी पडलो."

नझमाने निकाल पहिल्या पानापासून वाचला. अंकुश ताटकळत बसला, उठला, पुन्हा बसला. सारिका शेजारी हातात पिशवी घेऊन डोळे ताणून बसली होती. वाचता वाचता नझमा थांबली आणि तिने सारिकाकडे पाहिलं.

"काकू, काका सुट्टीवर यायचे तेव्हा तुम्ही कुठे असायच्या?"

"घरीच की. आनी कुठं?"

"कधी उंचावर गेलात? काकांबरोबर क्वार्टरला?"

"सातारा सोडून वर म्हंजे मी फकस्त महाबळेश्वरला गेलीया. लग्नानंतर येकदा."

नझमा हसली. "मग तुमच्या दातातून काहीच वजा करता येणार नाही. काका, तुमचा श्वास थांबत होता आणि काकू जागत होत्या. तुमची झोप तुमच्या दातात आहे, तशी यांची झोप यांच्या दातात आहे. तुम्ही सुट्टीवर आल्यावर यांची झोप कशी होती आणि ती कधी बदलली, ती तारीख मिळेल. दात साक्षीदार म्हणून हितसंबंधित नसतो."

"दात काढायचा? तिचा?" अंकुशचा आवाज चढला. "चांगला दात?"

"अक्कलदाढ चालेल. उलट तीच हवी. तिचं मूळ विशीच्या सुमारास पुरं होतं, म्हणजे लग्नापासूनचंच सगळं तिच्यात असेल."

अंकुश उठलाच. त्याच्या आजारापायी हिची झोप गेली, आता दाढही द्यायची, हे त्याला सहन होईना. पण सारिकाने पिशवी खाली ठेवली. "खालची डाव्या अंगाची हाय माझी येक," ती म्हणाली. "घ्या. तशी बी अक्कल असती तर मी फौजेतला नवरा केला असता व्हय?"

नझमा खळखळून हसली. अंकुशला मात्र हसू आलं नाही. काढताना दाढ दोनदा निसटली, सारिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि अंकुश बाहेरच्या बाकावर बसून मुठी आवळत राहिला. सरकारला जे कागदावर दिसत नाही ते माझ्या बायकोचा जबडा फोडून दाखवायचं, असं त्याच्या मनात येत होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

तीन आठवड्यांनी नझमाने बोलावलं. पडद्यावर सारिकाची दाढ शंभरपट मोठी होऊन बसली होती. कडेने पट्टे होते, पांढरे आणि करडे.

"काका, हे बघा. एकोणतीसची दिवाळी. इथे सगळं बदलतं. इतकं स्पष्ट मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याच्या आधी, तुम्ही सुट्टीवर यायचा तेव्हा..."

"तारीख मिळाली न्हवं?" अंकुशने तिला मध्येच तोडलं. "एकोणतीस. नोकरीतली. सुट्टीतली. बास झालं डॉक्टर! गंमत-बिंमत मंडळापुढं सांगा."

"अहो, पण ऐका तरी..."

"सहा वरसं ऐकतूयाच मी."

नझमाने सारिकाकडे पाहिलं. सारिकाने नजर चुकवली आणि गालावरची सूज पदराने झाकली. अंकुशचं तिकडे लक्षच नव्हतं. तो फोनवर तात्यांना तारीख सांगत होता.

सुनावणी पुण्याला होती. दालन गारठलेलं, खुर्च्या मऊ. समोर मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त कर्नल. केस पांढरे, चेहरा कंटाळलेला. सरकारी बाजू मांडायला माणूस नव्हताच. भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून 'पडताळणी सहायक' नावाचा संगणक बोलायचा. आवाज इतका गोड की ऐकून अंकुशच्या डोक्यात तिडीक जायची.

"सदर नमुना अर्जदाराचा नाही," सहायक म्हणाला. "त्रयस्थ व्यक्तीचा दात ग्राह्य धरण्याची नियमांत तरतूद नाही."

"मनाईही नाही," नझमा म्हणाली. "मी नियमावली पूर्ण वाचली आहे."

अध्यक्षांनी पहिल्यांदा मान वर केली. बहुधा नियमावली पूर्ण वाचलेला माणूस त्यांनीही पाहिला नव्हता. नझमाने पडद्यावर दाढ लावली आणि वलयं समजावायला सुरुवात केली. पहाटे चारला निघालेला अंकुश ताठ बसून ऐकत होता. गार हवा, मऊ खुर्ची, नझमाचा संथ आवाज. त्याने मांडीला चिमटा काढला. अध्यक्ष सारिकाला काहीतरी विचारत होते. सारिका उभी राहिली. तिने पदर खांद्यावर ओढला. आता ही काय बोलते ते नीट ऐकायचं, असं त्याने ठरवलं...

कान सणकन ओढला गेला. अंकुशने घशातून मोठा आवाज करत श्वास घेतला आणि डोळे उघडले.  अध्यक्ष, कारकून, दारातला शिपाई, सगळे त्याच्याकडे बघत होते. सारिका त्याच्यावर वाकलेली होती, त्याची कानाची पाळी अजून तिच्या चिमटीत.

"माफ करा साहेब," ती अध्यक्षांना म्हणाली. "बारा झालं हुतं."

अंकुशला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या एका तासासाठी सहा वर्षं घालवली, त्या तासात आपण घोरत पडलो! अध्यक्षांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे, बसा तुम्ही." आणि सहायकाचा गोड आवाज काही म्हणणार तोच त्यांनी बटण दाबून तो बंद केला.

परतीच्या गाडीत अंकुशने तिला विचारलं, "काय विचारलं तुला त्यांनी?"

"काय न्हाय. दाढ कधी काढली, कुठं काढली."

"आन् तू काय बोल्लीस?"

"सांगितलं की. झोपा तुम्ही, मी बसलीया."

सव्वा महिन्याने निकाल आला. बावीस पानं. अंकुशने गिरणी चालू ठेवूनच अंगठ्याने तळ गाठला : 'सबब, सदर आजार सैन्यसेवेमुळेच उद्भवला असल्याचे सिद्ध होते. अपील मंजूर करण्यात येत आहे.' त्याने ती ओळ चारदा वाचली. मग धावत तात्यांच्या ओसरीवर गेला. तात्यांनीही तीच ओळ वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अंकुशा, लेका, मीच तुमा पोरांना तोंड बंद ठेवायला शिकीवलं. लई मोठी चूक झाली रं माझ्या हातनं."  अंकुशने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. गावात पेढे वाटले गेले, आणि पुढच्या महिन्यात अर्ध्या वाघेवाडीच्या बायका मिरजेला अक्कलदाढा दाखवायला निघाल्या.

जिव्हाचेतक बसलं आणि अंकुशला नवा जन्म मिळाला. डोकं हलकं झालं. दुपारची पेंग गेली. वर्तमानपत्राचं एक पान सलग वाचून होऊ लागलं. रात्री तो असा झोपायचा की श्वासाचा आवाजसुद्धा नाही. यंत्राचं मापनपत्रक सांगायचं, श्वास थांबला : शून्य वेळा.

आणि सारिकाचा रक्तदाब तसूभरही उतरला नाही.

पहिला महिना सवयीचा म्हणून गेला. दुसऱ्या महिन्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या मनगटाला झोप मोजणारी पट्टी बांधली. पट्टी सांगू लागली : तीन तास, पावणेतीन तास. पूर्वीपेक्षाही कमी! गोळ्या दिल्या, त्यांनी ती दिवसभर झिंगलेली राहायची आणि रात्री पुन्हा टक्क जागी. गिरणीत मात्र पट्टा फिरायला लागला की मान टाकायची. तीन महिने झाले तेव्हा अंकुशचा तोल गेला. रविवारची दुपार होती, जेवणं होऊन दोघं आडवी झाली होती, आणि त्याने कूस बदलली तर ती छताकडे बघत पडलेली.

"आता काय झालंय?" तो उठून बसला. "मी घोरत न्हाय, मरत न्हाय. आता कशापायी जागतीस? कुणासाठी भांडलो मी सहा वरसं? दाढ दिलीस ती कशासाठी?"

"मी काय मुद्दाम जागतीया व्हय?" तिचाही आवाज फुटला. तेरा वर्षांत पहिल्यांदा ती चिडली होती. "न्हाय येत झोप! तुमी असं गपगार पडता. हाय का न्हाय कळत न्हाय. मी तुमच्या छातीवर हात ठेवून बघती, तवा कळतंय. हात काढला की पुन्हा त्येच."

ती तोंड भिंतीकडे करून निजली. अंकुश फोन घेऊन अंगणात आला आणि त्याने नझमाला फोन लावला. सगळी चीड त्या बिचारीवर ओतली. यंत्र चुकीचं, डॉक्टर चुकीचे, सगळं सरकार चुकीचं. नझमाने ऐकून घेतलं.

"काका, निकालातला अकरावा परिच्छेद वाचला नाही का तुम्ही?"

"शेवटची ओळ वाचली की."

"अकरावा वाचा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो गिरणीच्या पायरीवर बसला. बावीस पानांमध्ये अकरावा परिच्छेद नवव्या पानावर होता. सरकारी भाषेची त्याला आता सवय होती, तरी तो एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत गेला.

'११. सन २०१९ ते २०२९ या कालावधीत साक्षीदाराच्या दातातील वलये अर्जदार कर्तव्यावर असताना करडी, म्हणजे झोप मोडल्याची, व अर्जदार रजेवर घरी असताना पांढरी, म्हणजे स्वस्थ झोपेची आढळतात. ऑक्टोबर २०२९ च्या रजेपासून रजेतील वलयेही करडी होतात. या बदलाचे कारण मंडळाने विचारले असता साक्षीदाराने दिलेले उत्तर शब्दशः नोंदवीत आहोत : "हे तिकडं असलं की मला झोप लागायची न्हाय. कवा फोन येईल, काय सांगतील, असं व्हायचं. सुट्टीवर आलं की लई घोरायचं. शेजारची हसायची. पर मला त्यो आवाज कानावर आला की झोप लागायची. मानूस घरात हाय, जिता हाय, येवढं त्यातनं कळायचं. वरसाची झोप मी त्या दोन महिन्यांत काढायची. त्या दिवाळीला घोरता घोरता आवाज मधीच थांबला. तवापास्नं मी मोजतीया." साक्षीदाराच्या या उत्तराशी वलये तंतोतंत जुळतात. याच वेळी अर्जदाराचा श्वास मंडळासमक्ष थांबला, याचीही नोंद घेण्यात येत आहे.'

अंकुशने परिच्छेद पुन्हा वाचला. घोरण्यापायी आपण हिला छळलं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. सुट्टीत कितीदा तो मुद्दाम ओसरीवर जाऊन झोपायचा, तिला त्रास नको म्हणून, आणि ती अंथरूण उचलून ओसरीवर यायची. तेव्हा तो वैतागायचा. हिला एवढंसुद्धा कळत नाही का, म्हणायचा. एकदा तरी विचारलं असतं! मंडळाने विचारलं, नझमाने विचारलं. नवऱ्याने मात्र कधीच विचारलं नाही. त्याला स्वतःचा इतका राग आला की पायरीवर दोन बुक्क्या मारल्या, आणि हाताला लागलं तेव्हा कुठे तो थांबला.

तो घरात आला. सारिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे मिटलेले, पण उशीवरचं बोट हलत होतं. ती मोजत होती. कुणाचा श्वास? तो तर इतका वेळ बाहेर होता. तेरा वर्षांचं बोट आपलं आपणच हलत होतं.

अंकुश तिच्या शेजारी उताणा पडला, तोंड उघडलं आणि घोरायला लागला.

पहिलं घोरणं फारच खोटं वाटलं. नाटकातल्या रावणासारखं.

"आवं, काय चेष्टा लावलीया?" ती भिंतीकडूनच म्हणाली. "गप पडा."

तो गप पडला नाही. त्याने जुना आवाज आठवायचा प्रयत्न केला. पण स्वतःचं घोरणं कुणी ऐकलेलं असतं? तेव्हा तो डोझर आठवला, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकलेला. आत घेताना घरघर, सोडताना फुसकारा. मध्ये कुठेही थांबायचं नाही. मुख्य म्हणजे थांबायचं नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बोट अजून हलत होतं, पण सावकाश. मग ते सातवर थांबलं आणि पुन्हा उचललंच नाही. तिचं तोंड किंचित उघडलं. डाव्या बाजूची, दाढ नसलेली पोकळ जागा दिसली.

"अंकुशा! हाय का घरात?" दारातून तात्यांची हाक आली. हातात कुणाचा तरी नवा निकाल असावा. तात्या उंबऱ्यात आले आणि बघतच राहिले. टक्क उघड्या डोळ्यांनी, छताकडे बघत, अंकुश बर्गे मन लावून घोरत होता.

"आरं, सरकारनं येवढं मशीन बसवलं तरी तुजं..."

अंकुशने एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्यांना जायची खूण केली. तात्यांनी सारिकाकडे पाहिलं. मग चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता मागे फिरले.

अंकुशचा घसा कोरडा पडला होता. पाण्याचा माठ चार हातांवर होता. पण थांबायची सोय नव्हती.